अंड्याबाहेरच्या चपला

१

धाकटी अंड्यातून बाहेर आली तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. मुलाखती घ्यायला मुख्य कचेरीतून आलेले पाहुणे हात धुऊन जेवायला गेले होते आणि उमेदवारांची खुर्चीसुद्धा कोणीतरी उचलून भिंतीला लावून ठेवली होती.

ती धावतच माझ्या टेबलापाशी आली. केस एका बाजूला चपटे, गालावर उशीच्या शिवणीची रेघ, चपलांचे पट्टे सुटलेले आणि फरशीवर टकटक आपटत असलेले.

"मला बोलावलं का?" तिनं विचारलं.

"बोलवायची पद्धत नाही. आपण होऊन यायचं असतं," मी म्हटलं. "तू आली नाहीस, म्हणून त्यांनी काम संपवलं."

माझी नजर तिच्या पायांकडे गेली, तशी ती खाली वाकून चपलांचे पट्टे लावायला लागली. "माझीच चूक," वाकल्या वाकल्याच ती म्हणाली. एवढी मोठी जागा हातची गेलेली बाई आधी पट्टे लावते, याचं मला नवल वाटलं. पण तेव्हा तेवढंच वाटलं.

अंडं म्हणजे काय ते सांगते. आमची कचेरी तक्रारी ऐकण्याची. कोणाचा फ्रिज गार होत नाही, कोणाचा पंखा रात्रभर किरकिरतो. माणसं फोनवर आमच्या नावानं शंख करतात आणि आम्ही "समजू शकते" म्हणतो. दिवसपाळी आणि रातपाळी, दोन्हीकडे हेच. ऐकून ऐकून लोकांची डोकी फिरायला लागली, तेव्हा साहेबांनी विश्रांतीसाठी दोन बंद कक्ष आणवले. पांढरे, गुळगुळीत, दाराला छोटी काच, आत मऊ आसन, मंद उजेड, कानाशी समुद्राचा आवाज. कागदोपत्री त्यांचं नाव भारदस्त आहे. मजल्यावर सगळे अंडीच म्हणतात, आणि आत गेलेल्या माणसाला 'उबतोय'.

अंड्याला आधी घंटा होती. पण ती फोनवर पलीकडे ऐकू जायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, शाळा सुटली का हो? मग घंटा काढून टाकली आणि मजल्यावर आपोआप एक रीत पडली. झोपणाऱ्यानं दारावरच्या पाटीवर खडूनं उठायची वेळ लिहायची आणि चपला अंड्याकडे तोंड करून काढायच्या. जाता-येता ज्याला जमेल त्यानं त्या चपला बाहेरच्या बाजूला फिरवायच्या. म्हणजे त्यानं पत्करलं, याला मी उठवणार. अशा माणसाला आमच्याकडे जागल्या म्हणतात. चपलांची तोंडं आत असली तर उठवणं सगळ्यांचं काम. बाहेर फिरली की एकाचंच. मग दुसरं कोणी त्या अंड्याच्या वाटेला जात नाही.

धाकटी रातपाळी करून घरी न जाता मुलाखतीसाठी थांबली होती. जागा होती नव्या शाखेच्या प्रमुखाची, कायम दिवसपाळीची. तिला ती का हवी होती, हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. तिची ठकू पाच वर्षांची आहे. आई घरी पोचते तेव्हा ती बालवाडीत आणि ती परतते तेव्हा आई झोपेत. जागी आई नि जागी लेक यांची गाठ फक्त सुट्टीच्या दिवशी. "लेक जागी असताना बघायचीय मला," असं ती एकदा डबा खाताना म्हणाली होती, तेव्हा माझ्यासारखीचाही घास अडला होता.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, पाहुणे म्हणताहेत, कामाच्या जागी झोपून राहणाऱ्या बाईला प्रमुख कसं करायचं? आणि अंडीही काढून टाका म्हणताहेत. माझी लाज जाईल. जेवून, सह्या करून निघतील ते. त्याच्या आत काय झालं ते मला कळलं पाहिजे."

"झोप लागली, दुसरं काय होणार?"

"अहो, मी विचारून आलो," साहेब आवाज उतरवून म्हणाले. "तिच्या चपलांची तोंडं बाहेर होती."

२

मी जळकी आहे. मी आस्थापनेत बसते, सगळ्यांच्या रजा आणि बढत्या माझ्या टेबलावरून जातात आणि प्रत्येकीच्या वेळी माझ्या पोटात दुखतं. मला पाठीमागे 'दुर्बीण' म्हणतात. म्हणोत. समाधानी माणसाला समोरचं दिसत नाही. जळणाऱ्याचं लक्ष चौफेर असतं. कोणाची साडी नवी, कोणाची मान बारीक, कोणाला कितीदा चहा विचारला, सगळं मला दिसतं.

आणि माझ्या काचेच्या खोलीसमोरच अंडी. रातपाळी संपली की घरी जाण्याआधी धाकटी तिथं जरा पडते, तिची ती झोप मी रोज बघते. बाकीचे आत जाऊन वळवळतात, समुद्र ऐकून त्यांना लघवीला होते. मला तर त्यात डोळा लागलेलाच नाही, घरीही लागत नाही. शेजारी आमचे हे डाराडूर घोरत असतात. ही मात्र येते, चपलांचं बक्कल न काढताच टाच उपटते, आत पडते आणि संपली. उठल्यावर मग त्याच बंद पट्ट्यात बोट घालून पाय कोंबत बसते, कारण ती बकलं भलती घट्ट. जिची झोप अशी आयती, तिच्यावर कोण जळणार नाही?

नेमकी आज माझी खोली पाहुण्यांनी घेतली होती आणि काचांना पडदे ओढले होते. मी सामानाच्या खोलीजवळ, एका डगमगत्या टेबलावर. म्हणजे धाकटी झोपली होती ती पाहुण्यांपासून एका भिंतीपलीकडे, आणि चपला कोणी फिरवल्या हे जिनं हमखास पाहिलं असतं, ती मी तिथं नव्हते.

मजला फिरून विचारलं. जागल्या कोण होतं? सगळ्यांनी माना हलवल्या. एखादा विसरला असता तर कान पकडून कबूल झाला असता. तेवढी बरी आहेत आमच्याकडची माणसं. कोणी कबूल होत नाही याचा अर्थ कोणी विसरलेलं नव्हतं.

मग मी उघड फायदा ज्याचा, त्याच्याकडे गेले. दुसरा उमेदवार, खर्जा. आवाज विहिरीतून आल्यासारखा, त्यानं 'नमस्कार' म्हटलं की भांडायला आलेलं गिऱ्हाईकही सावरून बसतं. तो खुर्चीत काठीसारखा ताठ बसला होता. कमरेला रुंद पट्टा.

"माझ्यावर शंका आहे ना?" त्यानं आपणच विचारलं.

"जागा तुला मिळतेय."

"मिळतेय. आणि सगळे म्हणणार, ती झोपली म्हणून मिळाली. मरेपर्यंत ऐकावं लागेल." त्याचा चेहरा पडला होता. "मला तिचा राग येतो, खरं सांगतो. आम्ही दोघं बरोबर लागलो. शिव्या देणारं गिऱ्हाईक तिच्याशी बोलता बोलता रडायला लागतं. माझ्याशी नुसतं गप्प होतं. मला तिला समोरासमोर हरवायचं होतं हो."

"अंड्यांकडे गेला होतास?"

"गेलो होतो, माझी मुलाखत झाल्यावर. पाटीवरची तिची वेळ होत आली होती. तोंडं आत असती तर मीच टकटक केलं असतं. बाहेर दिसली, म्हणून परत फिरलो. तेव्हा तिथून एक बाई घाईघाईनं जाताना पाठमोरी दिसली. कोण ते नाही कळलं. ही कंबर, मॅडम, मला वळून बघता येत नाही."

३

बाई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पहिली उभी राहिली ती आरामताई. अंड्यांबरोबर साहेबांनी तिलाही आणलं. लोकांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवते. श्वास घ्यायला शिकवण्यासाठी माणूस ठेवतात हे मला त्या दिवशी कळलं. अंड्यात तिचाच आवाज वाजतो: "आता खांदे सैल सोडा…" तिची मान बारीक आहे आणि नखं लांब, रंगवलेली, दहाच्या दहा सारखी. माझी नखं भांडी घासून झिजतात.

"तुमचं धाकटीशी वाकडं आहे," मी सरळच म्हटलं.

"वाकडं नाही. वाईट वाटतं." ती बोटं एकमेकांत गुंफून बसली. "मी एवढं जीव ओतून बोललेय आणि ती आत गेल्या गेल्या माझा आवाज बंद करते. साहेबांपुढे म्हणाली, मला लागत नाही तो. माझ्या आवाजानं झोप लागलेलं एकही माणूस अजून मला भेटलेलं नाही, आणि जी एक झोपते, ती मला बंद करून झोपते."

"मग आज तिला झोपू दिलंत."

"मी? मला वाटलं, जागल्या आहे. चपला किती नीट लावून ठेवल्या होत्या. पाय खाली टाकले की सरळ आत जातील अशा. तसं कोण करतं? आपण पायानं ढकलून फिरवतो. खरं सांगू? मला त्याचाही हेवा वाटला. माझ्यासाठी कोणी अशा लावल्या नाहीत कधी."

माझ्यासाठीही नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

उरली थोरली. धाकटीची मोठी जाऊ, धाकटीला इथं चिकटवलं तेही तिनंच. थोरली खालच्या मजल्यावर फोन वळवण्याच्या टेबलावर बसते, कायम सकाळी. तिची पाळी संपून गेलेली होती, तरी ती पिशवी मांडीवर घेऊन जागेवरच बसलेली होती. जावाजावांचं काय असतं ते मला कोणी शिकवायला नको, मलाही एक आहे. पण ह्या दोघींचं कधी वाजलेलं ऐकलं नव्हतं.

"धाकटीची जागा जाणार का हो, मॅडम?" तिनंच आधी विचारलं. बोलताना ती अंगठ्याचं तुटलेलं नख दातांनी सारखं करत होती.

"जातेय असं दिसतंय. तुम्ही तिकडे गेला होता का?"

"मी त्या अंड्यांकडे फिरकतसुद्धा नाही. मला कशाला झोप लागतेय दिवसा? घरी गेलं की ठकूचं सुरू होतं." ठकूचं नाव निघालं आणि तिचा चेहरा उजळला. "आई तशी लेक. बक्कल काढायचं नाही, पाय उपटायचा, आणि सकाळी बूट जात नाही म्हणून भोकाड पसरायचं. मी आदल्या दिवशीच उघडून ठेवते. वेणी माझ्याच हातची लागते, घास माझ्याच हातचा. मोठीआई मोठीआई करून जीव खाते नुसता."

"आता आई दिवसपाळीला आली असती तर तुमची सुटका झाली असती."

"हो ना," थोरली म्हणाली, आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

तेवढ्यात साहेब आले. पाहुण्यांचं जेवण झालं होतं. सह्या करायला पेन मागितलं होतं त्यांनी.

४

मी साहेबांना म्हटलं, त्यांना चहा द्या, पेन शोधायला वेळ लावा. आणि सरळ जाऊन अंड्यात पडले. दुसरीकडे कुठे शांतता नव्हती.

"आता खांदे सैल सोडा," आरामताई कानाशी म्हणाली. मी सोडले नाहीत. डोकं नुसतं भणभणत होतं. खर्जाला हरवायचं होतं, तेही समोरासमोर. आरामताईला ऐकून घ्यायला माणूस हवं होतं. दोघंही जळत होती, पण ते जळणं मला अनोळखी नव्हतं. तोंडावर बोलून मोकळं होणारं. न बोलता जळणारं कोणीतरी तिसरं होतं.

वैतागून उठले. पाय खाली टाकले तर माझ्या चपला तशाच, तोंडं आत. वाकून फिरवताना माझी कंबर कुरकुरली आणि त्या क्षणी मला धाकटीचे पाय आठवले, मघाशी माझ्या टेबलापाशी आलेले. सुटलेले पट्टे. फरशीवर टकटक.

धाकटी बक्कल कधी उघडत नाही. काढताना उघडत नाही, घालताना उघडत नाही. आणि आज, मुलाखत बुडालेली, अशा वेळी ती दोन घट्ट बकलं उघडत बसली असेल? ती टाच दुमडून पळाली असती. म्हणजे बकलं आधीच उघडी होती. जागल्यानं चपला नुसत्या फिरवल्या नव्हत्या. ती उठली की तिचा खोळंबा होऊ नये म्हणून पट्टेही सोडून ठेवले होते.

खर्जाला नुसतं वळता येत नाही, तो जमिनीपर्यंत कुठला वाकणार. आरामताईची दहाही नखं शाबूत. त्या बकलापुढे एक टिकलं नसतं. आणि मुळात वाईट करायला आलेलं माणूस बक्कल उघडून कशाला ठेवील? ते काम माया असलेल्या हाताचं. त्या हातानं हे इतक्यांदा केलेलं असणार, की करताना डोक्याला विचारावंही लागलं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी जिना उतरून खाली गेले.

५

थोरली अजून तिथंच होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "नख कशानं तुटलं?"

तिनं अंगठा मुठीत लपवला. मी दुसरं काही विचारलं नाही. जळणाऱ्याला जळणारं माणूस ओळखू येतं, आणि बहुधा तिलाही मी ओळखू आले.

"उठवायलाच गेले होते," ती म्हणाली. "देवाशपथ. तिनं कोणाला सांगितलंय की नाही म्हणून बघायला गेले. तोंडं आत होती. फिरवली. पट्टे सोडले. म्हटलं इथंच बसू, वेळ झाली की टकटक करू. काचेतून दिसत होती. तोंड जरा उघडं टाकून झोपते, ठकूसारखी. आणि मनात आलं, पुढच्या महिन्यापासून ठकूला बालवाडीतून ही आणणार. नवी शाखा लांब, म्हणजे घरही तिकडेच करतील. मी घरी जाणार आणि दार उघडायला कोणी येणार नाही. मॅडम, मला मूल नाही. तिला आहे, झोप आहे, आता ही जागाही. सगळं तिलाच का?"

"मग?"

"मग वेळ झाली. मी उठले. दाराकडे जायच्या ऐवजी जिन्याकडे गेले. एवढंच केलं मी."

एवढंच होतं खरं. चोरी नाही, मारामारी नाही. एक बाई उठून डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे गेली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण 'सगळं तिलाच का' हे वाक्य मी रोज म्हणते, फक्त मला कधी जिन्याकडे जायची संधी मिळालेली नाही.

"वरती पेन सापडलंय आता," मी म्हटलं. "मी सांगू, का तुम्ही?"

"विसरले म्हणून सांगितलं तर चालेल?"

"चालेल. त्यांना जागल्या कोण ते कळलं की पुरे. ती बेजबाबदार नव्हती, एवढंच ठरायला हवं."

ती पिशवी खांद्याला लावून उठली. पायऱ्या चढताना एकदा थांबली. मला वाटलं परत फिरतेय. पण ती वर गेली आणि तिनं माझ्याच खोलीच्या दारावर टकटक केलं.

६

आत काय झालं ते साहेबांनी नंतर सांगितलं. थोरली 'विसरले' म्हणाली नाही. "मी जागल्या होते. उठवायचं होतं, उठवलं नाही. तिची चूक नाही," एवढं बोलून ती उभी राहिली. पाहुण्यांनी कारण विचारलं, तर म्हणाली, ते घरचं आहे. मग खुर्ची भिंतीपासून ओढली गेली आणि धाकटीला आत घेतलं. पडद्याआडून तिचं बोलणं बराच वेळ ऐकू येत होतं. एक पाहुणा डोळे पुसत बाहेर आला. जागा तिला मिळाली. खर्जानं तिच्याशी हात मिळवला आणि "आता बरं वाटलं," असं त्या विहिरीतून म्हणाला. अंडीही राहिली.

धाकटी सही करायला माझ्या टेबलाशी आली, तेव्हा मला राहवलं नाही.

"जागल्या कोण होतं, ते साहेबांनी सांगितलं का तुला?"

"नाही. मी विचारलंही नाही." तिनं पेन खाली ठेवलं. "मला माहीत होतं, मॅडम. डोळे उघडले, पाय खाली टाकले, तर बकलं उघडी. घरी रोज तशीच असतात."

"म्हणजे मघाशी तू पट्टे लावलेस ते…"

"तुमचं लक्ष गेलं होतं. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, हे सगळ्यांना माहितीये."

मी हिच्यावर जन्मभर जळत आले आणि ही माझ्या डोळ्यांदेखत पुरावा झाकून गेली होती. "अगं, लेकीसाठी जागा हवी होती ना तुला? एका शब्दानं मिळाली असती. गप्प का बसलीस?"

"माझी एक जागा गेली तर दुसरी येईल कधीतरी," धाकटी म्हणाली. "ठकूला दुसरी मोठीआई कुठून आणू? आणि रागावले होते हो मी. खूप रागावले होते. पण ज्या हातानं उठवलं नाही, त्याच हातानं पट्टे सोडले होते. मग कशावर रागवायचं ते कळेना." ती उठली. "घर नाही बदलणार आम्ही. मी लांबून येईन-जाईन. वेणी मला घालता येत नाही."

जिन्यापाशी थोरली पिशवी घेऊन उभी होती. धाकटी तिच्याजवळ गेली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मग धाकटीनं तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी उतरून ठकूला आणायला गेल्या.

मी घरी गेले. आमचे हे खुर्चीतच घोरत होते. मी दारात चपला काढल्या, नेहमीसारख्या, तोंडं आत.

सकाळी निघताना पाहिलं. तोंडं आतच होती.